मखमली कठडा

खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवणाऱ्यांच्या घरात बसायला एक धड खुर्ची मिळेल तर शपथ! एकीची पाठ उसवलेली, दुसरीचा फोम बाहेर आलेला, तिसरी गिऱ्हाइकाची म्हणून तिला हात लावायचा नाही. रविवारी दुपारी प्रार्थना मंडळाचे अध्यक्ष घरी येणार म्हटल्यावर काकूनं खालच्या कारखान्यातून वर दिवाणखान्यात चार खुर्च्या आणवल्या, आणि त्यातली सगळ्यात ऐटदार खुर्ची नेमकी आतून पोकळ निघाली. बैठकीखालचे पट्टे तुटलेले. काकूनं निळ्या फुलांची चादर तिच्यावर टाकली, वर एक उशी ठेवली आणि सगळ्यांना बजावलं, "इथं कुणी बसायचं नाही. नुसती शोभेला आहे."

ही या घराण्याची खोड, थेट आजोबांपासूनची, म्हणजे अप्पांपासूनची. काही मोडलं की आधी कापड शोधायचं, हातोडी नंतर. भिंतीला ओल आली, पडदा लागला. टेबलाचा पाय लुळा पडला, लांब टेबलक्लॉथ आला. थोरल्या मुलाचं पहिलं लग्न मोडलं तेव्हाही अप्पांनी आधी दिवाणखान्याचे पडदे बदलले होते.

अप्पांची लेक, म्हणजे आत्या, खिडकीपाशी बसली होती. शेजारी तिचा चालायचा चौपायी वॉकर. मंडळाच्या वर्धापनदिनी प्रार्थनागृहाच्या माडीवरून ती कठड्यासकट खाली आली, त्याला दोन महिने होऊन गेले होते. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण हाड नीट जुळलं नाही. आता हाडांचे डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनचं म्हणत होते, आणि ते लांबलं तर वॉकर कायमचा, असंही म्हणत होते. तरुणपणापासून मंडळाच्या गायनाची म्होरकी ती. माडीवर उभी राहून, कठड्यावर ओणवी होऊन ती खालच्या सभेला हात करायची आणि अख्खं प्रार्थनागृह तिच्या हाताबरोबर गायचं.

आज तिला एक वाक्य म्हणायचं होतं. मंडळात कुणाचं बिनसलं तर कोर्टकचेरी करायची नसते. 'मोकळी बैठक' होते. ज्याचं दुखलं त्यानं चारचौघांसमोर म्हणायचं, 'माझ्या मनात कुणाबद्दल काही नाही.' की विषय संपला. पुन्हा कुणी तो काढायचा नाही, आणि काढलाच तर त्याच्याशी कुणी बोलायचं नाही.

आणि आत्या ते म्हणायला एका पायावर तयार होती. दुसरा पाय उचलतच नव्हता म्हणा.

"एकदा ती ते बोलली ना, दादा, की मंडळाचा वकील कोर्टात हेच वाक्य वाचून दाखवेल," आत्याची भाची, घरातली धाकटी, जिन्यात भावाला गाठून म्हणाली. ती स्वतः वकील. विमा कंपन्यांशी भांडून भांडून तिचा आवाज असा झाला होता की साधं 'मीठ दे' म्हटलं तरी समोरचा पुरावा शोधू लागे. "मी नोटीस तयार ठेवलीये. फक्त आत्याचा होकार हवा."

"आणि मला काय हवंय ते कुणी विचारलं?" दादा फोमचा गठ्ठा खांद्यावरून खाली टाकत म्हणाला. कारखाना आता तोच चालवायचा. "प्रार्थनागृहातल्या सगळ्या खुर्च्या नव्यानं करायच्या आहेत. सगळ्या! ते काम गेलं तर आपण सगळ्यांनी काय, एकमेकांच्या उशा शिवायच्या?"

"आत्या आयुष्यभर लंगडत राहिली तर?"

"अगं, मला काय ती परकी आहे? शाळेत मला तिनंच पोचवलं. पण देवाच्या घरावर खटला भरायचा म्हणजे... जरा जडच जातं बाई."

"देवावर कुणी भरतंय? कठडा देवानं बसवला होता का?"

दादा फोम उचलून खाली निघाला, आणि दोन पायऱ्या उतरून परत वर आला. "काका काय म्हणतो?"

"काका काही म्हणतच नाही."

हे खरं होतं, आणि त्याचीच काकूला धास्ती होती. काका म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ आणि मंडळाच्या इमारतीची देखभाल बघणारा माणूस. पगार नाही, बिल्ला नाही, पण नळ गळला की काका, दार करकरलं की काका. आत्या पडल्यापासून हा बोलका गडी मुका झाला होता. खाली बसून एकच स्टूल उसवायचा, पुन्हा कापड चढवायचा, पुन्हा उसवायचा.

"तुझ्या काकाचं काहीतरी बिघडलंय," काकू स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवता ठेवता धाकटीला म्हणाली. "काल मी म्हटलं, अहो, त्या स्टुलानं तुमचं काय घोडं मारलंय? तर माझ्याकडे असे बघायला लागले की मीच गप्प बसले. मी, गप्प! विचार कर."

"काकू, तू कुणाच्या बाजूनं आहेस ते एकदा सांग ना."

"परवापर्यंत अध्यक्षांच्या," काकू प्रामाणिकपणे म्हणाली. "मला वाटायचं, घरातली धुणी बाहेर कशाला? पण गेल्या सभेत त्यांनी काय सांगितलं ऐकलंस? 'मन एकाग्र नसलं की तोल जातो.' नाव नाही घेतलं, पण शंभर माना माझ्याकडे वळल्या. वन्संना ते कुणीतरी लगेच फोनवर कळवलं. तेव्हापासून बाई गात नाहीत. अगं, ज्या आंघोळ करतानासुद्धा गायच्या, भाजी निवडताना गायच्या, भांडताना गायच्या! त्या परवा मला म्हणतात, माझीच भक्ती कमी पडली गं. असा संताप आला मला! हाडाचं एक वेळ समजू शकते. पण हे नाही माझ्या घशाखाली उतरत."

"मग तू माझ्या बाजूनं?"

"मी वन्संच्या बाजूनं. तू बिस्किटं मांड, नुसती उभी राहू नकोस."

अध्यक्ष वेळेवर आले. सोबत कार्यवाह, म्हणजे हातात पिशवी आणि तोंडात 'बरोबर आहे' असलेला एक बारीक माणूस. अध्यक्ष हे निवृत्त दंतवैद्य. या घरातल्या प्रत्येकाची एकेक तरी दाढ त्यांनी काढली होती, आणि 'अजिबात दुखणार नाही' हे वाक्य आजही ते तितक्याच गोड आवाजात बोलत.

"कशा आहात ताई?" ते म्हणाले. "सगळं मंडळ तुमच्यासाठी प्रार्थना करतंय."

"बरोबर आहे," कार्यवाह म्हणाले.

"आज पाच मिनिटांचं काम आहे. मन मोकळं करायचं, चहा घ्यायचा, की झालं. अजिबात दुखणार नाही."

"अध्यक्षसाहेब, त्याआधी मी काही विचारू?" धाकटीनं सुरुवात केली. दादानं डोळे मिटले. "आत्याच्या ऑपरेशनचं काय?"

"मंडळाची सहानुभूती आहेच. पण बेटा, मंडळ म्हणजे कोण? मंडळ म्हणजे आपण सगळे. मंडळाला ना हात, ना पाय. ते कुणाला काय देणार, आणि कशाबद्दल?"

"शेजारच्या मोकळ्या जागेसाठी तुम्ही गॅरेजवाल्यावर खटला भरलात, तो कुणाच्या नावानं?"

"मंडळाच्या. पण..."

"जिंकलं कोण?"

"मंडळ," कार्यवाह अभिमानानं म्हणाले आणि अध्यक्षांनी त्यांच्याकडे बघितल्यावर पिशवीत काहीतरी शोधू लागले.

"म्हणजे जागा घेताना मंडळाला हात असतात आणि आत्या पडली की ते गळून पडतात! इमारतीचा विमासुद्धा काढलाय ना तुम्ही? कशासाठी? प्रार्थना पोचली नाही तर असू दे म्हणून?"

काकूला खोकला आला. तो हसण्याचा होता हे सगळ्यांना कळलं.

"तुझ्या वयाला शोभतं हे," अध्यक्ष न चिडता म्हणाले. माणसाचं तोंड उघडं असताना शांत राहायची त्यांना आयुष्यभराची सवय होती. "पण तू तिथं नव्हतीस. आम्ही होतो. माडी कशी सजली होती! कठड्याला मखमल लावली होती, अगदी नव्यासारखा दिसत होता. कठड्यात दोष असता तर कुणाला दिसला नसता का? ताईंचा तोल गेला. होतं असं. त्यात कुणाचा अपराध आहे असं आम्ही म्हणतच नाही."

"सभेत म्हणालात की!" काकू म्हणाली.

काका दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. इतका वेळ तो आपल्या अंगठ्याच्या नखातला दोऱ्याचा तुकडा काढत होता. मखमल हा शब्द आला तेव्हा त्यानं हात मागे घेतले. काहीही करून ही पाच मिनिटं जावीत, ताईनं ते वाक्य म्हणून टाकावं आणि हे लोक जावेत, एवढंच त्याच्या मनात होतं. ताईनं ते म्हटलं की कुणी काही विचारणार नाही. त्यालाही नाही.

"नका रे भांडू," आत्या म्हणाली. घरात सगळ्यांवर आवाज चढवणारी बाई ती, आणि आता तिचं बोलणं ऐकायला माना पुढे कराव्या लागत होत्या. "अध्यक्ष म्हणतात ते खरं आहे. कठड्याचा दोष नव्हता. मला पक्कं माहीत आहे."

"ते कसं काय, आत्या?" धाकटी म्हणाली.

"अगं, मी हात ठेवला ना त्याच्यावर. मखमलीच्या कडेला बोट फिरवलं तर अप्पांचा टाका लागला हाताला. आतून घालतात तो, दोरा बाहेर दिसतच नाही. तो टाका आता जगात एकालाच येतो." तिनं काकाकडे बघितलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा जराशी हसली. "म्हटलं, बाळ्याचं काम आहे. आपला बाळ्या कच्चं काम करायचा नाही. म्हणून तर सगळा भार टाकला त्याच्यावर. एरवी मी इतकी कुठं ओणवते? तेव्हा कठडा चांगलाच असणार. माझंच कुठंतरी चुकलं."

काकूनं नवऱ्याकडे बघितलं, आणि त्या स्टुलाचं कोडं तिला तिथल्या तिथे उलगडलं.

"छान बोललात, ताई," अध्यक्ष पुढे सरसावले. "मग आता ते वाक्य म्हणून टाकू या. मी जवळच बसतो." मोकळ्या बैठकीत समोरासमोर बसायची पद्धत होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आत्याच्या समोरची निळ्या फुलांची खुर्ची ओढली. काकू 'अहो' म्हणेपर्यंत ते वळून बसायच्या बेतात आले.

"तिथं नको!" काका ओरडला. इतक्या मोठ्यानं की कार्यवाहांच्या हातून पिशवी पडली. "बसू नका! खाली पट्टे तुटलेत! वरून नुसतं कापड टाकलंय!"

अध्यक्ष अर्ध्यात थांबले, दोन्ही हात हवेत. काकाही थांबला. आपल्याच तोंडून काय गेलं ते आपल्याच कानांनी ऐकल्यासारखा तो उभा राहिला, आणि मग त्याचा चेहरा ओढल्यासारखा झाला.

"ताई," तो म्हणाला, "तोही तसाच होता."

"कोण?"

"कठडा." तो जमिनीवरच बसला, तिच्या वॉकरशेजारी. "खालचं लाकूड कुजलं होतं. स्क्रू नुसते अडकून होते. हातानं हलवला तर डुगडुगायचा. मी यांना सांगितलं. एकदा नाही, दोनदा सांगितलं. म्हटलं, सुतार बोलवा, नाहीतर माडी बंद ठेवा. हे म्हणाले, आधी घुमटाचा रंग होऊ दे, वर्धापनदिन तोंडावर आलाय. सुताराचं नंतर बघू. तोवर तुमची मखमल आहेच की. आणि मी... मी लावली गं मखमल. आत जाड फोम घातला, म्हणजे हात लावला तरी कळू नये. इतकं सुबक केलं की मलाच वाटायला लागलं, चालेल."

साठी ओलांडलेला माणूस, फरशीवर मांडी घालून लहान मुलासारखा रडत होता. दादाला त्याच्याकडे बघवेना आणि दुसरीकडे कुठे बघावं तेही कळेना.

अध्यक्ष मात्र सावरले होते. "हे बघा," ते आता खुर्चीपासून चांगले लांब उभे राहून म्हणाले, "ही गोष्ट मला आज नव्यानं कळतेय. कठडा असा धोक्याचा होता असं यांनी मला स्पष्ट सांगितल्याचं आठवत नाही. देखभाल यांच्याकडे होती, मखमल यांनी लावली. मग हा भावाबहिणीतला प्रश्न झाला. मंडळाचा संबंध येतो कुठं? ते काही मंडळाचे नोकर नव्हेत. सेवा करत होते, आपल्या खुशीनं."

"बरोबर..." कार्यवाह म्हणाले आणि का कोण जाणे, अर्ध्यावरच थांबले.

इथं दादाचा पारा चढला. तोपर्यंत त्याच्या डोक्यात त्या सगळ्या खुर्च्या रांगेनं मांडलेल्या होत्या. त्या एका झटक्यात उलट्यापालट्या झाल्या. "वा रे वा!" तो म्हणाला. "नळ दुरुस्त झाला की मंडळाचा, आणि माणूस पडला की आमच्या काकाचा? तुमच्या खुर्च्या खाली आहेत, नमुन्याच्या दोन. जाताना घेऊन जा. मी टेम्पोत घालून देतो."

"दादा!" धाकटीनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू तो कुणी दुसराच आहे. मग ती अध्यक्षांकडे वळली. आवाज नेहमीपेक्षा खाली होता, आणि म्हणूनच काकूला तो जास्त धारदार वाटला. "मंडळाच्या इमारतीत, मंडळाच्या कामासाठी, मंडळाच्या सांगण्यावरून. पगार दिला नाही म्हणून तुम्हाला हात झटकता येतात का, ते आपण कोर्टाला विचारू. तुम्हाला ठाऊक होतं की नाही, तेही तिथंच विचारू. काका, तू तिथं हे सगळं सांगशील? तुझ्यावरही येईल."

"येऊ दे," काका नाक पुसत म्हणाला. "माझं नाव आधी घाल."

"ताई," अध्यक्ष शेवटचा उपाय म्हणून आत्याकडे वळले, "पोरं तापली आहेत. तुम्ही समजूतदार आहात. तुमच्या भावाचीच बेअब्रू होईल. ते वाक्य म्हणा आणि सगळ्यांना मोकळं करा."

आत्या खिडकीबाहेर बघत होती. तिला कुणाचंच बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, आपलं चुकलं नव्हतं. रात्रंदिवस ती त्या एका क्षणाकडे परत परत जात होती. सूर धरताना मन कुठं गेलं, कुठला शब्द नुसताच तोंडानं म्हटला, कसली शंका आली. आणि होतं काय, तर कुजकं लाकूड! तिला एकदम इतकं हलकं वाटलं की हसूच फुटणार होतं. पण त्या हलकेपणाच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं, आणि ते चांगलं जड होतं. तिनं खाली बसलेल्या भावाकडे पाहिलं.

"अध्यक्षांना सांगितलंस," ती म्हणाली. "आत्ता खुर्चीचंही त्यांनाच सांगितलंस. मला नाही सांगितलंस, बाळ्या."

काकानं मान वर केली नाही.

"ताई, ते वाक्य," कार्यवाह हळूच म्हणाले. काम उरकायची सवय, दुसरं काय!

"म्हणते की," आत्या म्हणाली. तिनं घसा साफ केला, आणि तो आवाज ऐकून काकूच्या अंगावर काटाच आला, कारण गाण्याआधी ती असाच घसा साफ करायची. "माझ्या मनात आहे. या माझ्या भावाबद्दल आहे, तुमच्याबद्दल आहे, आणि सगळ्यात जास्त त्या सभेतल्या बोलण्याबद्दल आहे. पुष्कळ आहे. पोरी, ती तुझी नोटीस पाठव."

"ताई, खटला भरल्यावर मंडळात तुमच्याशी कुणी..."

"न बोलू देत. मी बोलायला येतच नाही, गायला येते. पुढच्या रविवारी येणार आहे. माडीवर चढता येणार नाही, तेव्हा पुढच्या रांगेत एक जागा ठेवा. पक्की खुर्ची बघून ठेवा."

"म्हणजे खटलाही भरणार आणि गाणारही?"

"गाणं देवाचं आहे. कठडा तुमचा होता."

अध्यक्षांनी चहा घेतला नाही. कार्यवाहांनी मात्र उभ्याउभ्या घेतला, दोन बिस्किटांसकट, आणि जिना उतरताना मागे वळून हळूच म्हणाले, "ताई, मी पण ऐकलं होतं ते. मखमलीचं." मग अध्यक्षांची हाक आली आणि ते घाईनं खाली पळाले. धाकटी त्यांच्यामागे तीन पायऱ्या धावली आणि साक्षीदार मिळाल्याच्या आनंदात हसत परत आली.

काकूनं निळ्या फुलांची चादर ओढून काढली. खालचे तुटके पट्टे लोंबत होते. "हे आधी करा," ती नवऱ्याला म्हणाली, "स्टूल पुरे झालं."

काका उठला, पण खुर्चीकडे न जाता तिथंच घुटमळत राहिला. आत्यानं वॉकर बाजूला ढकलला. "उठायचंय मला. हात दे."

त्यानं घाईनं दोन्ही हात पुढे केले.

"भार टाकू? पेलेल?"

काकाच्या तोंडावर 'हो' आलं होतं. ते त्यानं गिळलं. "डाव्या खांद्यात चमक आहे, ताई. पेलेल असं वाटत नाही."

"मग उजवा दे," आत्या म्हणाली, आणि त्याच्यावर सगळा भार टाकून उठली.